खान्देशात औषधे आणि वैद्यकीय उपकरणांचा उद्योगसमूह उभारताना

हे मार्गदर्शन जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील उद्योजक संघटना, औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये, शासकीय रुग्णालये आणि जिल्हा उद्योग केंद्रे यांत काम करणाऱ्यांसाठी लिहिले आहे. एकट्या उद्योजकाने कारखाना कसा काढावा, हे सांगणारे सल्लागार भरपूर आहेत. पंधरा-वीस लहान कारखाने, दोन-तीन महाविद्यालये आणि जवळची रुग्णालये एकमेकांच्या आधाराने कशी उभी राहतील, याचा विचार मात्र क्वचित होतो आणि येथे तोच करायचा आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. खान्देशाने भूखंड आणि शेडपासून सुरुवात करू नये. आधी सामाईक चाचणी प्रयोगशाळा आणि निर्जंतुकीकरण केंद्र उभे करावे, आणि उत्पादने निवडताना येथे आधीच हाताशी असलेला कच्चा माल, अंगवळणी पडलेले कसब आणि येथील रुग्णालयांची गरज या तिन्हींचा मेळ घालावा.

या मताला देशातील अनुभवाचा आधार आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या आयडीपीएल या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यात रसायनशास्त्रज्ञांची एक पिढी घडली आणि तेथून बाहेर पडलेल्या माणसांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले, डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे संस्थापक अंजी रेड्डी हे त्यांतलेच. हिमाचल प्रदेशातील बद्दीची वाढ २००३ नंतरच्या करसवलतींमुळे झाली. कारखाने झपाट्याने आले, परंतु सवलतींची मुदत संपताच अनेकांचे लक्ष दुसऱ्या सवलतीच्या प्रदेशाकडे वळले. मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या गरजेतून १९९२ साली ऑरोलॅब सुरू झाली आणि डोळ्यांत बसवायच्या कृत्रिम भिंगाची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आली. खान्देशाला हैदराबादसारखी सरकारी कंपनी मिळणार नाही, बद्दीसारखी सवलत मिळाली तरी ती टिकणार नाही. मदुराईचा मार्ग मात्र तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या प्रदेशाला खुला आहे.

पाहणी भांडारापासून सुरू करावी

प्रकल्प अहवाल तयार करून घेण्यापूर्वी तीन ते चार महिने पाहणीला द्यावेत. सल्लागाराकडून येणाऱ्या अहवालात पुष्कळदा एका जिल्ह्याचे नाव काढून दुसऱ्याचे घातलेले असते आणि बाजारपेठेच्या प्रकरणात देशाचे आकडे असतात, जिल्ह्याचे नसतात. म्हणून पहिली भेट रुग्णालयाच्या औषध भांडाराला द्यावी. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, आणि त्यांच्या जोडीला काही उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये यांच्याकडे अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या लेखी अनुमतीने मागील तीन वर्षांच्या खरेदीची माहिती मागावी. प्रत्येक वस्तूसमोर वार्षिक खप, खरेदीचा दर, पुरवठादार कोणत्या राज्यातला, पुरवठ्यास लागलेला काळ आणि परत पाठवलेल्या मालाचे कारण एवढे रकाने पुरेसे आहेत. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा असतो. गॉज पाणी शोषत नाही, सलाईनच्या सेटचा रोलर घसरतो, लघवीच्या पिशवीचा झडप गळतो, अशा नोंदी म्हणजे नव्या उत्पादकाला विनामूल्य मिळालेले आराखडे आहेत.

भांडारपालानंतर शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांशी बोलावे, कारण कोणत्या कंपनीचा कॅथेटर त्या आधी उचलतात आणि कोणता कपाटात मागे सारतात, हे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. त्यानंतर बंद पडलेल्या यंत्रांची यादी करावी. रुग्णालयाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेले मॉनिटर बहुधा मुख्य यंत्र बिघडल्यामुळे पडलेले नसतात. रक्तदाबाचा कफ फाटलेला, प्राणवायूची पातळी मोजणारा प्रोब निकामी झालेला किंवा वायर तुटलेली असते. हे सुटे भाग लहान कारखान्याच्या आवाक्यातले आहेत. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा, मोलगी या भागांतील रुग्णालयांचा वेगळा विचार करावा, कारण तेथे वीज जाणे, व्होल्टेज कमी-जास्त होणे आणि उन्हाळ्यातील तापमान या तीन गोष्टी उपकरणाचे आयुष्य ठरवतात आणि मोठ्या शहरासाठी बनवलेली यंत्रे तेथे लवकर दगा देतात.

काय बनवावे आणि काय बनवू नये

खान्देशासाठी पहिले स्वाभाविक उत्पादन सर्जिकल कापूस, गॉज आणि पट्ट्या हेच आहे, असे मला वाटते. येथे कापूस पिकतो, जिनिंग-प्रेसिंग आहे, धुळे, शिरपूर आणि नंदुरबार परिसराला सूतगिरण्यांचा अनुभव आहे, आणि सर्जिकल कापसाला लांब धाग्याची महाग रुई लागत नाही. आखूड धाग्याची रुई आणि सूतगिरणीत विंचरणीच्या वेळी बाजूला पडणारा कोंबर नॉइल यांवर काम भागते. रुई मोकळी करून कचरा काढायचा, कीअर नावाच्या बंद पात्रात कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दाबाखाली उकळून तंतूवरील नैसर्गिक मेण घालवायचे, हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजन करायचे, आणि मग धुणे, पिळणे, वाळवणे, पिंजणे व थर देऊन गुंडाळणे, असा हा क्रम आहे. तमिळनाडूत राजपाळयमजवळचे छत्रपट्टी हे गाव पट्टीच्या कापडासाठी ओळखले जाते, तेव्हा लहान गावांनी हा व्यवसाय पेलण्यात नवल काही नाही.

साधा कापूस आणि औषधी दर्जाचा कापूस यांतील अंतर एका सोप्या चाचणीत दिसते. तांब्याच्या बारीक तारेची ८ सेंटिमीटर उंच आणि ५ सेंटिमीटर व्यासाची हलकी टोपली घेतात, तिच्यात ५ ग्रॅम कापूस सैलसर भरतात आणि ती आडवी धरून सुमारे १० मिलिमीटर उंचीवरून २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सोडतात. टोपली १० सेकंदांच्या आत बुडाली पाहिजे. त्यानंतर ती वर काढून ३० सेकंद निथळू देतात आणि वजन करतात. प्रत्येक ग्रॅम कापसाने किमान २३ ग्रॅम पाणी धरलेले असावे लागते. टोपली तरंगत राहिली तर मेण पुरते निघालेले नाही, म्हणजे कीअरची वेळ, दाब किंवा कॉस्टिकचे प्रमाण चुकले आहे. अतिनील दिव्याखाली कापूस निळसर चमकला तर कोणीतरी पांढरेपणासाठी ऑप्टिकल ब्राइटनर वापरला आहे. या दोन चाचण्यांना मोठे यंत्र लागत नाही. प्रत्येक बॅचला त्या न चुकता करण्याची आणि निकाल सहीनिशी नोंदवण्याची शिस्त लागते. या व्यवसायाची खरी अडचण पाण्याची आहे. धुण्याला भरपूर पाणी लागते आणि निघणारे सांडपाणी अल्कधर्मी असते, त्यामुळे उदासीनीकरण आणि पुनर्वापराची व्यवस्था पहिल्याच आराखड्यात धरावी. ती पुढच्या टप्प्यावर ढकलली तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपाशीच प्रकल्प अडकतो.

दुसरा गट प्लास्टिकचा. जळगावात पीव्हीसी पाइप, ठिबकच्या नळ्या आणि चटया यांमुळे एक्स्ट्रूजन आणि मोल्डिंगचे कसब दोन पिढ्यांपासून आहे. सलाईनच्या सेटची नळी, लघवीची पिशवी, सक्शन नळी, नेब्युलायझरचा मास्क ही उत्पादने त्या कसबापासून फार दूर नाहीत. तरीही जे अंतर आहे ते कमी लेखू नये. चटईसाठी पुनर्वापराचा प्लास्टिक दाणा चालतो, वैद्यकीय नळीसाठी तो त्याच आवारात ठेवणेही धोक्याचे आहे. वैद्यकीय दर्जाचा दाणा बॅच क्रमांक आणि प्रमाणपत्रासह घ्यावा लागतो, जुळणी व पॅकिंग स्वच्छ कक्षात करावे लागते, आणि पदार्थ शरीराला अपाय करत नाही हे आयएसओ १०९९३ मालिकेतील चाचण्यांनी दाखवावे लागते. म्हणून चालू कारखान्याच्या एका कोपऱ्यात पडदा लावून वैद्यकीय विभाग सुरू करण्याचा मोह टाळावा आणि स्वतंत्र इमारत, स्वतंत्र दाणा-साठा व स्वतंत्र कामगार ठेवावेत. साच्यांसाठी छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम हाताच्या अंतरावर आहे.

तिसरा गट औषधांना लागणाऱ्या पूरक द्रव्यांचा आहे आणि त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. गोळीत मुख्य औषधाखेरीज स्टार्च आणि सेल्युलोज असते. दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च काढण्याचा उद्योग आहेच. औषधी दर्जासाठी सूक्ष्मजीवांचे प्रमाण, ओलावा आणि कणांचा आकार यांवर नियंत्रण लागते. नंदुरबारच्या मिरचीतून वेदनाशामक मलमाला लागणारा अर्क काढता येतो, पण त्यासाठी मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनचे प्रमाण हंगामागणिक मोजणारी प्रयोगशाळा आधी हवी. सातपुड्यातील वनौषधींचा मोह सर्वांना होतो. तेथे सामूहिक वनहक्क, ग्रामसभेची संमती आणि जैविक विविधता कायद्याची पूर्तता झाल्याशिवाय एक पोतेही उचलू नये.

मूळ औषधी द्रव्ये, म्हणजे बल्क ड्रग, यांच्यापासून सुरुवात करण्याचा आग्रह अधूनमधून धरला जातो, कारण अंकलेश्वर आणि वापी रस्त्याने जवळ आहेत. मी त्याच्या विरोधात आहे. त्या उद्योगाला सॉल्व्हंटची साठवण, धोकादायक कचऱ्याची विल्हेवाट आणि शून्य द्रव विसर्ग पेलण्याइतके भांडवल लागते; केंद्राने बल्क ड्रग पार्क मंजूर केले तेव्हाही प्रत्येकी १,००० कोटी रुपयांपर्यंतच्या साहाय्याची भाषा होती. पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्यांच्या बाबतीतही बद्दीच्या दराशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

सामाईक सुविधा म्हणजे काय घ्यावे

जे.जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. त्या ग्लिसरीनमधला डायएथिलिन ग्लायकॉल हा विषारी द्रवच २०२२ साली गांबियात भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांत सापडला. कच्च्या मालाची प्रत्येक टाकी गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे द्रवातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासली असती तर तो पकडला गेला असता. लहान कारखान्याला ते यंत्र परवडत नाही, चालवणारा माणूस तर त्याहून परवडत नाही. म्हणून समूहाची पहिली मालमत्ता प्रयोगशाळा असावी.

औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत एचपीएलसी, म्हणजे द्रावणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र, असते, मग नवी प्रयोगशाळा कशाला, असा प्रश्न हमखास येतो. महाविद्यालयातील यंत्र प्रबंधासाठी असते. परवान्यासाठी लागणारी नोंद वेगळी असते: प्रत्येक वाचन कोणी, केव्हा घेतले आणि कोणते पुसले याचा माग यंत्रातच राहिला पाहिजे, संदर्भ नमुने मुदतीतले असले पाहिजेत, अंशांकन झालेले असले पाहिजे. दुसऱ्या उत्पादकांसाठी औषधे तपासायची तर औषध नियमांखाली फॉर्म ३७ ची मान्यता लागते, आणि वैद्यकीय उपकरणांच्या चाचणीसाठी एमडी-४० ही नोंदणी लागते. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आयएसओ १७०२५ नुसार मिळवावी. महाविद्यालयाने जागा आणि पदव्युत्तर विद्यार्थी द्यावेत. व्यवस्थापन मात्र उद्योगातून आलेल्या गुणवत्ता अधिकाऱ्याकडे असावे. यंत्र अनुदानातून येते. कॉलम, सॉल्व्हंट आणि देखभालीचा वार्षिक करार मात्र स्वतःच्या खिशातून येतो, आणि याच खर्चापायी अनेक सामाईक केंद्रांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुलूप लागते. पहिल्या तीन वर्षांचा चालवण्याचा खर्च हाती असल्याखेरीज यंत्राची मागणी नोंदवू नये.

दुसरी सुविधा निर्जंतुकीकरणाची. गॅमा किरणांचा मार्ग भारतात जुना आहे. मुंबईतील ट्रॉम्बेचा आयसोमेड प्रकल्प १९७४ पासून वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करतो. परंतु गॅमामुळे पीव्हीसी पिवळे पडते आणि साधे पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होते, त्यामुळे नळ्या आणि पिशव्यांसाठी इथिलीन ऑक्साइड वायू वापरावा लागतो. हा वायू ज्वलनशील आणि कर्करोगकारक आहे. त्याच्या सिलिंडरांसाठी स्फोटके व पेट्रोलियम सुरक्षा संस्थेची परवानगी, कक्षाबाहेर गळती ओळखणारी यंत्रणा आणि कामगारांची नियमित तपासणी लागते. वायू दिल्यानंतर माल वायुवीजन कक्षात ठेवून उरलेला वायू मर्यादेखाली येईपर्यंत थांबावे लागते. गाडी दारात उभी आहे म्हणून ही वेळ कमी करणे हा गुन्हाच मानावा. दर फेरीत बॅसिलस अ‍ॅट्रोफियसच्या बीजाणूंच्या पट्ट्या मालामध्ये ठेवतात आणि त्या नंतर वाढत नाहीत हे पाहतात. आयएसओ १११३५ या मानकाप्रमाणे प्रत्येक उत्पादनाची प्रक्रिया स्वतंत्र सिद्ध करावी लागते, कारण बारीक नळीच्या आतल्या पोकळीत वायू पोहोचणे आणि गॉजच्या थरात पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्या कारखान्याचा कक्ष निम्मा रिकामा फिरतो. आठ-दहा जणांचा माल एकत्र आला तरच दर परवडतो. समूहाचे आर्थिक गणित येथेच जमते.

संस्था आणि निधी

सामाईक सुविधेसाठी उद्योजकांनी स्वतंत्र कंपनी स्थापन करावी लागते. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग क्लस्टर विकास कार्यक्रमाचा आणि राज्याच्या तशाच योजनेचा प्रस्ताव जिल्हा उद्योग केंद्रामार्फत जातो. औषध विभागाच्या २०२२ मधील औषध उद्योग बळकटीकरण योजनेत सामाईक सुविधांसाठी खर्चाच्या ७० टक्के किंवा २० कोटी रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे साहाय्य ठरवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये वैद्यकीय उपकरण उद्योगासाठी ५०० कोटींची योजना जाहीर झाली आणि तिच्यात समूहांच्या सामाईक सुविधांसाठी २० कोटींपर्यंत व चाचणी सुविधांसाठी ५ कोटींपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. योजनांच्या मुदती बदलतात, म्हणून अर्जापूर्वी चालू मार्गदर्शक सूचना वाचाव्यात.

निधीपेक्षा अवघड आहे ते आपसांतले नियम करणे. अध्यक्षांचा माल रांगेत आधी घ्यावा लागतो, हे दुखणे जवळपास प्रत्येक सामाईक केंद्राला जडते. वेळेचे आरक्षण, दर, थकबाकीदाराचा माल थांबवण्याचा अधिकार आणि बाहेरच्या ग्राहकाला द्यायची क्षमता हे सर्व कंपनीच्या नियमावलीत नोंदणीपूर्वीच लिहावे. प्रतिस्पर्ध्याचे चाचणी निकाल गुप्त राहतील याची लेखी हमी असावी. ती नसेल तर सभासद नमुने मुंबईलाच पाठवत राहतील आणि आपले केंद्र ओस पडेल.

परवान्यांचा क्रम

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार उपकरणांचे जोखमीप्रमाणे ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत. १ एप्रिल २०२० पासून जवळपास सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. ए व बी वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी व डी वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. पहिल्या दोन वर्गांचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते, उरलेल्या दोहोंचा केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना. निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या ए वर्गीय उपकरणांना परवान्यातून सूट आहे, केवळ ऑनलाइन नोंदणी करावी लागते. नव्या समूहाने चढायचा क्रम यातूनच ठरतो: आधी नोंदणीवर चालणारी साधी उत्पादने, मग निर्जंतुक ए व बी वर्ग, आणि तीन-चार वर्षांची गुणवत्ता पद्धती मुरल्यावर सी वर्ग. आपले उत्पादन कोणत्या वर्गात बसते हे केंद्रीय यादीत पाहूनच ठरवावे.

विक्रीसाठी नव्हे तर चाचणीसाठी थोडे नमुने बनवायचे असतील तरी परवाना लागतो, ही गोष्ट महाविद्यालयांच्या ध्यानात राहत नाही. त्यासाठी एमडी-१२ अर्ज करून एमडी-१३ हा चाचणी परवाना घ्यावा. ए व बी वर्गांच्या उत्पादनासाठी एमडी-३ अर्ज आणि एमडी-५ परवाना असतो. अर्जासोबत कारखान्याची आणि उपकरणाची मास्टर फाइल द्यावी लागते. नियमांच्या पाचव्या अनुसूचीतील गुणवत्ता व्यवस्थापन पद्धती बसवताना आयएसओ १३४८५ चे प्रमाणपत्रही घेतले तर खासगी रुग्णालये आणि निर्यात या दोहोंसाठी उपयोग होतो. औषधांच्या बाजूने सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे उत्पादन पद्धतीचे नियम, डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाले आहे. जुन्या आराखड्यावर उभा राहणारा गोळ्यांचा किंवा मलमांचा कारखाना आज बांधला तरी पहिल्या तपासणीत तो अपुरा ठरेल.

नवे काही घडवायचे तर सिकलसेलपासून

सातपुड्याच्या कुशीतील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत त्याच्या निर्मूलनाचे व ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. खान्देशात नवकल्पनेला याहून योग्य विषय मला दिसत नाही, कारण रुग्ण, डॉक्टर, महाविद्यालय आणि खरेदीदार चारही येथेच आहेत.

सध्याच्या साध्या विद्राव्यता चाचणीत सोडियम डायथायोनाइट असलेल्या बफरमध्ये रक्ताचा थेंब टाकतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आहे, परंतु तिच्या तीन उणिवा आहेत. वाहक आणि रुग्ण यांतील फरक तिला कळत नाही. सहा महिन्यांखालील बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असल्यामुळे निकाल फसवा येऊ शकतो. आणि डायथायोनाइट उष्णतेने व दमटपणाने निकामी होते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या मुलखात आशा कार्यकर्तीच्या पिशवीतला संच किती दिवस विश्वासार्ह राहतो, हा संशोधनाचा खरा प्रश्न आहे. हवाबंद एकेरी पुड्या, निकामी झाल्यास रंग बदलणारा दर्शक, आणि पावरी बोलणाऱ्या कुटुंबालाही समजेल असे चित्रमय निकालपत्रक, एवढ्यावर औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक गट दोन वर्षे उपयोगी काम करू शकतो. पुढची पायरी एचपीएलसीने पडताळणी करण्याची आणि नैतिकता समितीच्या मान्यतेने रुग्णालयात कामगिरी तपासण्याची. मुलांसाठी सिकलसेलवरील हायड्रॉक्सीयुरियाचे द्रवरूप औषध हीही मोठी गरज आहे, कारण ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमधून लहान मुलाची मात्रा काढणे जिकिरीचे असते. मात्र ते पेशीविषारी औषध असल्याने त्याला वेगळा, बंदिस्त कारखाना लागतो. समूहाच्या पहिल्या पाच वर्षांत त्याला हात घालू नये.

अशा कामासाठी बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान साहाय्य संस्थेची बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट ५० लाख रुपयांपर्यंत मिळू शकते. कल्पना कोणाची, पेटंट कोणाच्या नावे आणि डॉक्टरला वाटा किती, हे प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठेवावे. परिषदेत निबंध वाचण्याच्या घाईत पेटंटचा हक्क गमावलेली महाविद्यालये कमी नाहीत.

माणसे

शिरपूरचे आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय १९९२ पासून विद्यार्थी घडवत आहे, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे; तरी पदवीधर नवापूर ओलांडून गुजरातेत किंवा मुंबई-पुण्याकडे जातात. भांडवलाची वाटही तशीच राहिली आहे. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झालेल्या विप्रोचा वैद्यकीय उपकरणांचा व्यवसाय पुढे बंगळुरूत उभा राहिला. मुलांना थांबवण्यापेक्षा बाहेर दहा-बारा वर्षे गुणवत्ता विभागात घालवलेल्या खान्देशी माणसांना परत बोलावणे अधिक फलदायी ठरेल. आई-वडील गावी एकटे असलेली अशी माणसे थोडी नाहीत, आणि प्रयोगशाळेचा प्रमुख त्यांच्यातूनच मिळेल. त्यांना मुंबईचा पगार देता आला नाही तरी अधिकार पूर्ण द्यावेत, म्हणजे बॅच नाकारण्याची त्यांची सही मालकालाही फिरवता येऊ नये.

विक्री, दर आणि नंतरची जबाबदारी

शासकीय खरेदीत सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २५ टक्क्यांचे धोरण आहे आणि अनामत रकमेतून सूट मिळते, पण निविदेतील अनुभवाच्या अटी नव्या कारखान्याला आडव्या येतात. पहिली दोन वर्षे जळगाव-धुळ्यातील खासगी रुग्णालये आणि स्थानिक ठोक विक्रेते यांच्यावर भर द्यावा, त्यातून पुरवठ्याचा इतिहास तयार करावा आणि मग महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण व जेम या शासकीय खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलकडे वळावे. शासकीय बिले रखडतात हे गृहीत धरूनच खेळते भांडवल ठरवावे. लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी पुरवठ्यापूर्वी झालेली असेल तर ४५ दिवसांनंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाचा दावा लावता येतो.

पहिली छापील किंमत विचारपूर्वक ठरवावी. उपकरणे औषधांच्या व्याख्येत आल्यापासून कमाल किरकोळ किंमत बारा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. बाजारात शिरण्यासाठी अगदी कमी किंमत छापणाऱ्याला पुढे दाणा महाग झाल्यावर हात चोळत बसावे लागते.

माल विकल्यानंतरही उत्पादकाची जबाबदारी संपत नाही. २०१५ पासून उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो. तिन्ही वैद्यकीय महाविद्यालयांत त्याचा संपर्क अधिकारी कोण, हे समूहाच्या प्रत्येक सभासदाला माहीत असावे. वर्षातून एकदा माल परत मागवण्याची रंगीत तालीम करावी. एखादा बॅच क्रमांक निवडावा आणि त्यातील प्रत्येक खोका कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विक्रेत्याकडे आहे हे एका दिवसात सांगता येते का, ते पाहावे. शहाद्याच्या विक्रेत्याकडे गेलेल्या शेवटच्या खोक्यापाशी माग तुटला, तर वितरणाची नोंदवही त्याच आठवड्यात दुरुस्त करून तालीम पुन्हा घ्यावी.